दोन्ही बाजूंनी काळं

काळ्या पट्ट्यांचा राग सगळ्यांनाच येतो. त्रेचाळीस इंची टीव्हीचे पैसे मोजले तर चित्रही त्रेचाळीस इंची दिसलं पाहिजे, असा साधा हिशेब असतो. जुना सिनेमा किंवा जुनी मालिका लागली की चित्र मधोमध आखडून बसतं आणि दोन्ही बाजूंना काळं उरतं. मग घरातलं कुणीतरी रिमोट उचलतं, बटण दाबतं, आणि चित्र पडदाभर ताणलं जातं. नायकाचा चेहरा पोळीसारखा लाटला जातो, बैलगाडीची चाकं अंडाकृती होतात, पण पैसे वसूल झाल्याचं समाधान मिळतं. यवतमाळात मी लोकांच्या घरी, सलूनमध्ये, दवाखान्याच्या बाकड्यावर बसून नव्या टीव्हीवर जुनी चित्रं पाहिली आहेत. बहुतेक ठिकाणी ती ताणलेलीच होती आणि कुणाला काही खटकत नव्हतं. मला खटकतं. का खटकतं, याचा विचार नीट करायला लागलो तो एका मारिओच्या गेममुळे.

आधी थोडं गणित, कारण पुढे ते लागणार आहे. जुन्या डब्बा टीव्हीचा पडदा ४:३ असायचा, म्हणजे चार भाग रुंद आणि तीन भाग उंच. आताचे टीव्ही १६:९ असतात. जुनं चित्र नव्या पडद्यावर ताणलं की उंची तेवढीच राहते आणि रुंदी एक तृतीयांशाने वाढते. साठ किलोचा माणूस ऐंशी किलोचा दिसायला लागतो. फोन तर आणखी लांबोडका. आडवा धरला की बहुतेक २०:९ च्या आसपास. त्यावर ४:३ चं चित्र न ताणता लावलं तर पडद्याचा ६० टक्के भाग भरतो आणि ४० टक्के काळा राहतो. फोनवर जुने गेम खेळणाऱ्यांना या काळ्याची किंमत कळते, कारण आपले दोन्ही अंगठे तिथेच असतात. डाव्या पट्टीवर दिशेची बटणं, उजव्या पट्टीवर उडी आणि गोळी. चित्र पडदाभर केलं की आपलेच अंगठे आपल्याला आडवे येतात. असो.

इम्युलेटर म्हणजे एका यंत्राने दुसऱ्या यंत्राचं सोंग घेणं. तुमचा फोन किंवा लॅपटॉप वीस-तीस वर्षांपूर्वीच्या निन्टेंडोचं, प्लेस्टेशनचं सोंग आणतो आणि त्या यंत्रासाठी लिहिलेला गेम त्या सोंगाला भुलून चालू होतो. आता गेम ४:३ साठी लिहिलेला आणि पडदा रुंद, तर तीन गोष्टी करता येतात. काळ्या पट्ट्या ठेवा. चित्र ताणा. किंवा तिसरी, जी फक्त गेममध्येच शक्य आहे: चित्र न ताणता त्याच्या बाजूला आणखी जग दाखवा. सिनेमात हे जमत नाही, कारण जे फिल्मवर आलंच नाही ते आणणार कुठून? पण गेमचं चित्र सेकंदाला पन्नास-साठ वेळा नव्याने काढलं जातं. काढणाऱ्यालाच सांगायचं, बाबा, जरा जास्त रुंद काढ.

त्रिमितीय गेममध्ये हे बऱ्यापैकी सोपं असतं. प्लेस्टेशन २ चं सोंग आणणाऱ्या पीसीएसएक्स२ मध्ये किंवा गेमक्यूबचं सोंग आणणाऱ्या डॉल्फिनमध्ये त्यासाठी सोय आहे. आतल्या कॅमेऱ्याचा कोन रुंद होतो आणि पूर्वी न दिसलेल्या भिंती, झाडं, रस्ते दिसायला लागतात. द्विमितीय गेममध्ये काम अवघड. सुपर निन्टेंडोचं चित्र २५६ पिक्सेल रुंद आणि २२४ पिक्सेल उंच. त्या २५६ च्या पलीकडे काय आहे, हे सांगायची गेमवर कधी वेळच आली नव्हती.

माझा भाचा तेरा वर्षांचा आहे. उन्हाळ्याच्या सुट्टीत त्याला मी १९९० चा 'सुपर मारिओ वर्ल्ड' लावून दिला, बीस्नेस-एचडी नावाच्या इम्युलेटरवर, वाइडस्क्रीन चालू करून. पडदा भरला, तो खूश झाला. दहा मिनिटांनी म्हणाला, "मामा, हे असे हवेतून काऊन निघून राह्यले?"

मी पाहिलं. दोन्ही बाजूंना जी वाढीव जागा मिळाली होती तिथे जमीन होती, डोंगर होते, झुडपं होती, पण जीव एकही नव्हता. मारिओ पुढे जायचा आणि शत्रू एका ठराविक जागी अचानक उमटायचे. भाच्याने त्या जागेवर पडद्यावर उभं बोट धरलं. रेष जवळपास तिथेच होती जिथे जुन्या टीव्हीची कड आली असती. शत्रू जुन्या कडेच्या थोडं अलीकडे-पलीकडे जन्माला येत होते आणि मागे पडले की तिकडच्या कडेजवळ विरून जात होते. टीव्हीचा डबा आपण काढून टाकला होता, पण गेमच्या दृष्टीने तो अजून तिथेच होता.

मला हे विलक्षण वाटलं. सिनेमाच्या चौकटीबाहेर निदान कुणी दिवा धरून उभं असतं, चहावाला पोरगा असतो. गेमच्या चौकटीबाहेर काहीच नसतं. खेळणाऱ्याची नजर पोचण्याच्या बेतात असते तेव्हा शत्रू जागा होतो, आणि नजर वळली की त्याचं असणंच संपतं. यात लपवाछपवी नाही. त्या यंत्राची स्मृती एवढीशी होती की न दिसणारं जग जिवंत ठेवणं त्याला परवडत नव्हतं. पण गरजेपोटी घातलेल्या या कुंपणावरच पुढे सगळा खेळ बसवला गेला. शत्रू किती अंतरावर दिसणार, म्हणजे उडी मारायला किती क्षण मिळणार, हे त्या कडेवरून ठरलेलं. गेममध्ये पडद्याची कड हा नियम असतो. क्रिकेटची सीमारेषा दहा पावलं मागे सरकवली तर मैदान मोठं दिसतं हे खरं, पण सामना दुसराच होतो.

काही गेममध्ये ही कड म्हणजेच सगळा खेळ असतो. १९९६ चा 'रेसिडेंट ईव्हिल' घ्या. त्यात कॅमेरा खोलीच्या कोपऱ्यात टांगल्यासारखा स्थिर असतो आणि मागची खोली हे आधीच काढून ठेवलेलं ४:३ चं चित्र असतं. वळणापलीकडे कुणीतरी कण्हतंय हे ऐकू येतं, दिसत मात्र नाही. भीती त्या न दिसण्यातच आहे. चित्राच्या बाहेर पिक्सेलच नाहीत, त्यामुळे ते रुंद करण्याचा प्रश्नच येत नाही. पुढे खुद्द कंपनीने त्याची नवी आवृत्ती रुंद पडद्यासाठी काढली तेव्हा चित्र वरून-खालून कापलं आणि खेळणारा हलेल तसं ते वर-खाली सरकवलं. भरलेला पडदा हवा म्हणून चित्राचाच काही भाग दिला.

उलट उदाहरणही आहे, आणि ते मला जास्त आवडतं. १९९१ च्या 'सॉनिक'मध्ये निळा हेजहॉग इतक्या वेगाने पळतो की पुढचा खड्डा दिसेपर्यंत आपण खड्ड्यात असतो. वेग हाच ज्याचा जीव, त्यात वेग पकडला की मरण. २०१३ मध्ये तो फोनसाठी नव्याने बांधला गेला, रुंद पडद्यासाठी, अधिकृतपणे. पुढचं थोडं आधी दिसू लागलं आणि गेम जसा व्हायला हवा होता तसा झाला. मूळ रूप हेच श्रेष्ठ रूप असं मानणाऱ्यांनी हा गेम दोन्ही प्रकारे खेळून पाहावा. मी रुंदच खेळतो.

म्हणजे प्रश्न रुंद करावं की नाही एवढाच नाही. मूळ म्हणजे तरी काय, हा प्रश्न आधी येतो. आणि यवतमाळात वाढलेल्या माणसाला या बाबतीत फार ताठ मानेने बोलता येत नाही.

आम्ही खेळलो तो 'कॉन्ट्रा' कुठला होता? निन्टेंडोचं यंत्र आमच्यापैकी कुणी डोळ्यांनीही पाहिलं नव्हतं. जे होतं ती त्याची नक्कल: हलकं प्लास्टिक, दोन रिमोट, आणि वर खोचायची कॅसेट. कॅसेटवर छापलेलं असायचं '९९९९ इन १', आणि आत पाच-सहा गेम, बाकी त्यांचीच नावं बदलून केलेली गर्दी. ती कॅसेट चोरीची होती, हे आम्हाला ठाऊकही नव्हतं. अशा कॅसेटवर वाढलेल्या माणसाने मूळ कलाकृतीच्या पावित्र्यावर प्रवचन द्यायला बसावं, यात थोडा विनोद आहेच.

पण त्याहून गमतीची गोष्ट पुढे आहे. जपान-अमेरिकेतले टीव्ही सेकंदाला ६० वेळा चित्र काढायचे. भारतातले टीव्ही पाल पद्धतीचे, सेकंदाला ५० वेळा काढणारे. त्या काळच्या गेमची पावलं चित्राच्या ठोक्याला बांधलेली असत. प्रत्येक चित्रागणिक शत्रू इतके पिक्सेल पुढे, गोळी इतके पिक्सेल पुढे. ठोके ६० चे ५० झाले की अख्खा गेम सहाव्या हिश्श्याने मंदावतो. गोळ्या सावकाश, उड्या सावकाश, संगीतसुद्धा सावकाश. दत्त चौकापासून दोन गल्ल्या आत, उन्हाळ्याच्या दुपारी, वीज जायच्या आत शेवटच्या राक्षसापर्यंत पोचायचं म्हणून जो गेम आम्ही जीव तोडून खेळलो, तो बनवणाऱ्यांच्या गेमपेक्षा संथ होता. पुढे मी इम्युलेटरवर ६० च्या ठोक्याने 'कॉन्ट्रा' लावला तेव्हा तो मला कुणीतरी मागे लागल्यासारखा पळताना दिसला. माझ्या अंगठ्यांना जो 'मूळ' म्हणून पाठ आहे तो भारतीय टीव्हीचा, ५० ठोक्यांचा.

बरं, 'कॉन्ट्रा' तरी मुळात कसा होता? १९८७ मध्ये तो आला तो नाणं टाकून खेळायच्या मशीनवर, आणि त्या मशीनचा पडदा उभा होता, रुंदीपेक्षा उंची जास्त. १९८८ मध्ये कोनामीने तो घरच्या टीव्हीसाठी आडव्या चौकटीत नव्याने बसवला. युरोपात गेल्यावर त्यातली माणसं काढून यंत्रमानव घातले आणि नाव ठेवलं 'प्रोबोटेक्टर'. ज्याची चौकट जपायची म्हणून आपण हट्ट धरतो, ती चौकट स्वतः एक भाषांतर असते.

आणि मुस्तफा! ज्या पिढीने पार्लरमध्ये रुपयाची नाणी मोजली तिला वेगळं सांगायला नको. नव्या वाचकांसाठी: कॅपकॉमचा १९९३ चा 'कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स', ज्याला भारतात त्यातल्या एका पात्राच्या नावाने मुस्तफा म्हणूनच ओळखतात. पिवळी टोपी, धावत येऊन मारलेली लाथ. हा घरच्या कन्सोलवर कधी आला नाही, तरी आज इम्युलेटरवर सर्वांत आधी लोक तोच शोधतात. या गेमचं चित्र ३८४ पिक्सेल रुंद आणि २२४ उंच. भागाकार करून पाहा, जवळपास १.७१ येतो. म्हणजे १६:९ च्या अगदी शेजारी! पिक्सेल जसेच्या तसे मांडले तर मुस्तफा आपोआप वाइडस्क्रीन होतो, कुठली युक्ती न करता. पण पार्लरच्या मशीनचा पडदा ४:३ होता. ते रुंद चित्र तिथे बाजूंनी दाबून बसवलं जायचं आणि चित्रकारांनी ते दाबलं जाणार हे धरूनच माणसं काढली होती. तुमच्या फोनवर पिक्सेलप्रमाणे मांडलेला मुस्तफा दंडांनी आणि गालांनी सुजलेला दिसतो तो त्यामुळे.

आता सांगा, मूळ कोणतं? यंत्राच्या पोटात साठवलेले आकडे, की त्या काळच्या माणसाच्या डोळ्यांना दिसलेलं चित्र? आकड्यांना प्रामाणिक राहिलात तर चित्र खोटं होतं, चित्राला प्रामाणिक राहिलात तर आकडे दाबावे लागतात. माझं मत चित्राच्या बाजूने आहे. गेम कुणीतरी कुणालातरी दाखवण्यासाठी बनवला होता. रेघोट्या असलेल्या, कडा गोल झालेल्या काचेवर ज्याला तो दिसला, त्याच्या दिसण्यात तो पुरा झाला.

इम्युलेटर लिहिणाऱ्यांमध्ये या प्रामाणिकपणाचं वेड लागलेली माणसं आहेत. ब्यू नावाने ओळखला जाणारा एक प्रोग्रॅमर होता. त्याने बीस्नेस लिहिला तो एकाच हट्टापायी: सुपर निन्टेंडो जसा वागायचा, तंतोतंत तसाच वागला पाहिजे, मग त्यासाठी संगणकाची कितीही ताकद खर्च होवो. लोक म्हणायचे, एवढं कशाला, गेम चालतात ना? तो उदाहरणं द्यायचा. 'एअर स्ट्राइक पेट्रोल'मध्ये विमानाची सावली जमिनीवर पडते. जुन्या, भागवाभागवी करणाऱ्या इम्युलेटरांवर ती सावली पडतच नव्हती, आणि तिथे सावली असायला हवी हे मूळ यंत्र न पाहिलेल्या कुणाच्या लक्षातही येत नव्हतं. न येणारच. जे आधी पाहिलेलंच नाही त्याची उणीव कशी भासणार?

मजा अशी, की भाचा ज्यावर रुंद मारिओ खेळत होता तो बीस्नेस-एचडी याच बीस्नेसमधून निघालेला आहे. अचूकतेच्या हट्टातून लिहिलेला कोड खुला होता, म्हणून दुसऱ्या कुणालातरी त्यावर स्वैरपणा करता आला. २०२१ मध्ये आणखी एकाने 'सुपर मारिओ वर्ल्ड'चा कोड उलगडून तो २५६ ऐवजी ३५२ पिक्सेल रुंदीसाठी नव्याने बसवला. ही आवृत्ती भाच्याला दिली तेव्हा त्याची हवेतून उमटणाऱ्यांबद्दलची तक्रार संपली. माझ्या मते हा नवा गेम आहे, चांगला आहे, आणि त्याला स्वतःचं नाव असावं. मूळ गेमची फाइल जशीच्या तशी बाजूला पडलेली असते, वर बदलांची वेगळी फाइल चढवायची. नको असेल तर काढून टाकायची.

हे 'काढून टाकता येणं' मला दिवसेंदिवस जास्त महत्त्वाचं वाटायला लागलं आहे. आपल्याकडे हा वाद जुना आहे. एकनाथांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत सिद्ध केली. तोवर तीनशे वर्षं नकला करणाऱ्यांनी आपापल्या समजुतीने शब्द बदलले होते, ओव्या घुसवल्या होत्या. यातला कुणी दुष्ट नव्हता, प्रेमानेच केलेलं ते. एकनाथांनी प्रती ताडून पाठ निश्चित केला आणि यापुढे यात कुणी आपल्या ओव्या मिसळू नयेत असं बजावलं. पण म्हणून ज्ञानेश्वरीवर बोलू नका, लिहू नका, असं कुणी म्हटलं नाही. टीका झाल्या, निरूपणं झाली, कीर्तनकार रोज तिचा नवा अर्थ लावतात. शेजारी लिहा, हवं तेवढं लिहा. आत मिसळू नका, कारण मिसळलेलं पुढच्याला वेगळं करता येत नाही.

आज यूट्यूबवर जुने मराठी सिनेमे शोधा. कितीतरी प्रती अशा सापडतील की चित्र आधीच ताणून, त्या ताणलेल्या रूपातच फाइल बनवून चढवलेलं आहे. टीव्हीवर ताणलेलं चित्र बटण दाबून परत आणता येतं. ही चित्रं मात्र ज्याला मूळ प्रमाण ठाऊक आहे तोच खटपट करून सरळ करू शकेल, आणि ज्याला ठाऊक नाही त्याच्यासाठी प्रभातची माणसं कायमची बुटकी-जाडी. 'शोले'ही मुळात ३५ मिमीच्या साध्या फिल्मवर घेतलेला, मग वरून-खालून कापून ७० मिमीचा रुंद केलेला. पण तो निर्णय सिनेमा करणाऱ्यांचा होता, त्या रुंदीसाठीच त्यांनी तो केला. चढवणाऱ्या अनामिकाने काहीच ठरवलेलं नसतं. त्याला फक्त काळ्या पट्ट्या नको असतात.

इथवर गेमचं बोललो. पण मला हे सगळं इतकं का लागतं, ते एका व्हीएचएस कॅसेटवरून सांगतो.

माझ्या आत्याचं लग्न १९९५ सालचं, दारव्ह्याकडच्या आमच्या गावी. लग्नाचं शूटिंग केलं होतं. त्यात माझे आबा, म्हणजे आजोबा, एकंदर चार-साडेचार मिनिटं दिसतात. पाहुण्यांना हात जोडताना, आचाऱ्यावर ओरडताना, आणि पाठवणीच्या वेळी सगळ्यांपासून लांब गोठ्याच्या भिंतीला टेकून उभे असताना. २००१ मध्ये ते गेले. हलत्या-बोलत्या रूपात ते आता फक्त या कॅसेटमध्ये आहेत. पावसाळ्यांनी कॅसेटच्या रिळावर पांढरी बुरशी चढायला लागली होती. एका काकांकडचा व्हीसीआर आणून, पिवळी-पांढरी वायर जोडून, आम्ही ती एकदा नव्या टीव्हीवर लावली.

चित्र अर्थातच ताणलेलं आलं. आणि पडद्यावर जे आबा आले ते भरलेल्या अंगाचे, रुंद खांद्यांचे, गालांवर मांस असलेले. माझे आबा पऱ्हाटीच्या काडीसारखे होते. कोरडवाहू कापूस, सहा मुलं, बिड्या, आणि स्वतःच्या ताटातलं दुसऱ्याच्या ताटात सरकवायची सवय. सदऱ्याच्या आत वारा खेळायचा. मी रिमोट उचलला आणि चित्र सरळ करायला निघालो, तेव्हा आजी म्हणाली, "राहू दे नं बाप्पा. असेच बरे दिसून राह्यले." थोड्या वेळाने, कुणाला उद्देशून नाही असं, "जलमभर आंग नाही भरलं त्याइचं."

मी रिमोट खाली ठेवला.

यावर मी पुष्कळ विचार केला आहे. आजीची फसवणूक होत नव्हती. तिने त्या माणसाबरोबर चाळीसेक वर्षं काढली होती, त्याच्या बरगड्या तिला पाठ होत्या. ती खोटं पाहत नव्हती, आपल्या नवऱ्याला जे मिळायला हवं होतं ते डोळ्यांनी त्याला वाढत होती. तिला सत्याचं प्रमाण शिकवणारा मी कोण? ताणलेलं चित्र तिच्यासाठी टीकेसारखं होतं, शेजारी लिहिलेलं. मूळ तिच्या आत शाबूत होतं.

पण खोलीत भाचाही होता. त्याने आबांना पाहिलेलं नाही. त्याच्यासाठी पडद्यावरचा माणूस हेच आबा. त्याने विचारलंही, "मामा, आबा पैलवान होते का?" सगळे हसले, आजीसुद्धा. मी नाही हसू शकलो. विमानाच्या सावलीचा मुद्दा हाच होता. ज्याला मूळ ठाऊक आहे तो रुंद करून पाहो, रंगवून पाहो, त्याचं काही बिघडत नाही. ज्याला ठाऊक नाही त्याच्यासाठी बदललेलं हेच मूळ होऊन बसतं. आणि आबांच्या बाबतीत यात मारिओसारखी नुसती गंमत नाही. तो वाळका देह ही एक साक्ष होती, दारव्ह्याकडच्या कोरडवाहू शेतात एका माणसाने चाळीस वर्षं काय केलं आणि त्याच्या पदरात काय पडलं याची. ती पुसून त्याजागी धष्टपुष्ट शेतकरी उभा करायला कुणी सरकारी जाहिरातवाला लागला नाही, रिमोटवरचं एक बटण पुरलं.

गेम बनवणाऱ्यांचं मी देणं लागतो का, हे मला आजही शंभर टक्के सांगता येणार नाही. त्यांनी एक चौकट आखली, तिच्यात न्याय्य खेळ मांडला, मी तो चौकटीबाहेर खेळलो तर त्यांचं काय गेलं? एकट्याने खेळताना कुणाचंच काही जात नाही. विक्रमासाठी खेळणारे लोक कोणत्या यंत्रावर, कोणत्या ठोक्याने खेळलो हे जाहीर करून मग वेळ सांगतात, ते शहाणे आहेत. माझं देणं मला समजतं ते पुढच्या पोराचं. त्याला रुंद मारिओ जरूर द्यावा, त्याचबरोबर हा रुंद केलेला आहे हेही सांगावं, आणि अरुंद कुठे ठेवला आहे तेही. भाचा आता दोन्ही खेळतो. परवा म्हणत होता, बारक्या पडद्यावर जास्त भीती वाटते. मी काही बोललो नाही.

शेवटी ती कॅसेट आर्णी रोडच्या एका फोटो स्टुडिओत नेली. तिथला मुलगा जुन्या कॅसेटी पेनड्राइव्हवर करून देतो. रीळ काढून त्याने बुरशी पाहिली आणि म्हणाला, एकदा चालेल, दुसऱ्यांदा चालेलच असं सांगता येत नाही. मग सवयीने विचारलं, "फुल स्क्रीन करून देऊ ना? सगळे तसंच मागतात." तो माझ्याच फायद्याचं विचारत होता. मी नाही म्हटलं. जसं आहे तसं, ४:३. त्याने मला समजावून पाहिलं की बाजूंनी काळं राहील, लग्नाच्या कॅसेटला ते बरं दिसत नाही, घरचे नावं ठेवतात. मी म्हटलं, ठेवू दे. त्याला खात्री पटली नसावी. पेनड्राइव्ह घ्यायला गेलो तेव्हा पाकिटावर निळ्या पेनाने लिहिलेलं होतं: 'दोन्ही बाजूंनी काळं येईल. पार्टीला सांगितलं आहे.'